रजिस्टर क्रमांक एकमधील दोन ओळी

मी, गंगाधर रघुनाथ मेहेंदळे, सेवानिवृत्त हेडक्लार्क, जनता इंग्लिश स्कूल, मूळ राहणार वाई, जिल्हा सातारा, हल्ली मुक्काम मौजे तांबुळवाडी, तालुका वाळवा, जिल्हा सांगली, वय ७६ (दाखल्यावरून), हे माझे शेवटचे इच्छापत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही, कोणी मला भरीस घातलेले नाही आणि चहाखेरीज मी काही घेतलेले नाही. यापूर्वी दोनदा असे पत्र लिहून मी दोनदा फाडले. ती दोन्ही रद्द समजावीत. माझी बुद्धी शाबूत असल्याबद्दल आष्ट्याच्या डॉक्टरांनी दाखला दिला असून तो सोबत जोडला आहे. त्यांनी मला आजची तारीख, वार आणि नातीचे नाव विचारले. मला सगळे आले. ज्या एका गोष्टीत माझा गेली सदतीस वर्षे गोंधळ उडालेला आहे ती त्यांनी विचारली नाही, आणि मीही आपण होऊन सांगितली नाही.

कलम १. वाई येथील वडिलोपार्जित घरातील माझा चौथा हिस्सा चिरंजीव पुष्कर यास द्यावा. तिथे आता चुलतभावांची भांडी आणि माझ्या मुंजीचा पाट एवढेच आहे. पुष्करने भांडू नये. मिळेल ते घ्यावे आणि पुण्यास परत जावे.

कलम २. बँकेतील ठेवी नात ओवी हिच्या शिक्षणासाठी आहेत. कसले शिक्षण ते तिने ठरवावे, तिच्या बापाने नव्हे. मागच्या मे महिन्यात ती मला म्हणाली, "आबा, तुमची शाळा इंग्लिश स्कूल, मग तुम्ही सगळे मराठीत काय बोलत होता?" मी म्हटले, बाळ, बोर्ड इंग्लिश होता, बाकी कारभार मराठी. तिला काही ते पटले नाही. तिच्यासाठी थोडे येथे लिहून ठेवतो. मृत्युपत्रात असे लिहीत नाहीत हे मला माहीत आहे.

सन १९७४ मध्ये या गावात हायस्कूल नव्हते. सातवी झाली की मुलगा नऊ किलोमीटर चालत आष्ट्याला जायचा आणि मुलगी घरी बसायची. गावाने ठरवले, आपले हायस्कूल काढायचे, पाचवीपासून. नाव काय द्यायचे यावर मारुतीच्या देवळात तीन बैठका झाल्या आणि शेवटी एका म्हाताऱ्याने निकाल दिला, "इंग्लिश असाय पायजे. इंग्लिश नसंल तर पोरगी कोन देनार?" वर्ग देवळात, ऑफिस गुऱ्हाळाच्या खोलीत. मी वाईहून तीन महिन्यांच्या बदलीवर म्हणून आलो तो तेहेतीस वर्षे राहिलो. खोल्यांच्या विटा गावाने पाडल्या, कौले मुलांनी रांगेत उभे राहून हातोहात वर चढवली. १९९६ साली पटावर सहाशे बारा मुले होती. आज चौऱ्याऐंशी आहेत. सकाळी पिवळ्या बसगाड्या येतात आणि गावातली पोरे उचलून आष्ट्याच्या इंग्रजी शाळांत नेतात. म्हणजे मुले पुन्हा आष्ट्यालाच जातात, एवढेच की आता चालावे लागत नाही. यात प्रगती कोणती आणि अधोगती कोणती, मला नीट सांगता येणार नाही.

कलम ३. माझी हत्यारे: शिसवी रूळ एक, टाक तीन, दौत एक, मराठी टंकलेखन यंत्र एक. ही सर्व सध्याच्या मुख्याध्यापिका सौ. राजेश्वरी मॅडम यांजकडे शाळेसाठी सुपूर्द करावीत. कॉम्प्युटर बंद पडला म्हणून दाखला अडवून ठेवू नये ही विनंती. टाक कधी बंद पडत नाही.

कलम ४. आमचे पहिले हेडमास्तर कै. नरगुंदे सर यांच्यावरील माझा राग मी कोणाच्याही नावे करीत नाही. तो माझ्याबरोबर जाईल. ते फार चांगले गृहस्थ होते. गणित असे शिकवत की म्हशीलाही कळावे. पण त्यांना योग्य वेळी चूप बसता येत नसे. त्याचा परिणाम पुढील कलमात येतो.

कलम ५. जनरल रजिस्टर क्रमांक एक. हे रजिस्टर २००५ च्या पुरात खराब होऊन नष्ट झाले, असा पंचनामा मी स्वतः केला आहे. तो खोटा आहे. रजिस्टर माझ्या पत्र्याच्या ट्रंकेत, शालीच्या घडीखाली आहे. त्याला पाण्याचा थेंबही लागलेला नाही. जुन्या मुलांना दाखल्यावाचून हात हलवत परत जावे लागले, त्या सर्वांची मी हात जोडून क्षमा मागतो. रजिस्टर शाळेला परत द्यावे. ते मी का लपवले ते आता लिहितो.

त्या काळी जन्मतारखा कोणाच्या घरात लिहिलेल्या नसत. आई सांगे, पुराच्या साली, किंवा थोरला बैल मेला त्या सुगीत. मग आम्ही एक जून लिहून टाकत असू. एक जून धरला की शाळाप्रवेशाचे वय सरळ बसते. माझी स्वतःची तारीखही तीच आहे, वाईच्या मास्तरांनी दिलेली. निम्म्या जिल्ह्याचा वाढदिवस त्या दिवशी असतो. १९७८ साली प्राथमिक शाळेचे कपाट वाळवीने खाल्ले, त्यामुळे पाचवीला आलेल्या मुलांच्या दाखल्यांवर तारखाच नव्हत्या. नरगुंदे सरांनी नियम केला: पालकाला विचारावे, चिठ्ठीवर लिहून अंगठा घ्यावा, आणि जे पोर कोयनेच्या भूकंपाच्या आधीचे त्याला एक जून १९६७, नंतरचे त्याला एक जून १९६८. भूकंप कोणीच विसरले नव्हते, त्यामुळे नियम उत्तम होता.

त्या दिवशी टेबलापुढे दोघी उभ्या होत्या. एक मनुबाई, तिचा मुलगा मानसिंग. ती म्हणाली, "भूकंपाच्या आदल्या उन्हाळ्यात. आंबं उतरवाय लागल्यालं, तवा झाला." दुसरी हरणाबाई, धनगरवाड्यावरची, तिचा बिराप्पा. ती म्हणाली, "भूकंप झाला न्हवं, त्येच्या दुसऱ्या दिशी. भाईर, झाडाखाली. घरात जायाचं भ्या वाटत हुतं समद्यास्नी." दोन चिठ्ठ्या लिहिल्या, दोन अंगठे घेतले. एवढ्यात नरगुंदे सरांनी आपल्या खोलीतून मान बाहेर काढली आणि म्हणाले, "मेहेंदळे, तालुक्याला विचारतील हो, तुमच्या गावच्या बाया सगळ्या एकाच दिवशी बाळंत होतात काय?" बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मी हसलो. हसता हसता चिठ्ठ्या खालीवर झाल्या आणि मी मानसिंगच्या ओळीत १९६८ लिहिले, बिराप्पाच्या ओळीत १९६७. शाई टिपकागदाने टिपली. मान वर करून पुढच्या माणसाला बोलावले.

दहा वर्षे कोणाला काही कळले नाही. मग १९८८ साली सांगलीला सैन्यभरती निघाली. मानसिंग आणि बिराप्पा एकाच एस.टी.ने गेले, एकाच फडक्यात भाकरी बांधून. मानसिंग भरती झाला. बिराप्पा परत आला. देवळापाशी कोणीतरी विचारले तेव्हा मी तिथेच होतो. तो म्हणाला, "वयात बसत न्हाई म्हनले. तीन म्हैनं जास्त." मला भूकंपाची आठवण झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी रजिस्टर उघडले, मग चिठ्ठ्यांची फाइल काढली, आणि ऑफिसचे दार आतून लावून बसलो.

घरी हिला, म्हणजे कै. सौ. शकुंतलेला, सांगितले. ती म्हणाली, "आत्ताच्या आत्ता उठा आणि सांगून या." मी म्हटले, जातो. दुरुस्तीचा प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवला असता तर पुढच्या भरतीत बिराप्पा वयात बसला असता. पण दोन्ही चिठ्ठ्या तपासल्या गेल्या असत्या आणि तीच दुरुस्ती मानसिंगला वयाबाहेर फेकणार होती. तो तर ट्रेनिंगला पोचला होता. एकाचे सरळ करायला दुसऱ्याचे वाकडे करावे लागणार. शिवाय माझी नोकरी. ती तिसऱ्या क्रमांकावर होती असे मी तेव्हा स्वतःला सांगितले. आता मला वाटते ती पहिल्या क्रमांकावर होती. मी सोमवारी जाईन म्हटले. असे पुष्कळ सोमवार गेले.

१९९० मध्ये शाळेत शिपायाची जागा निघाली. मी बिराप्पाचे नाव पुढे केले. लोक म्हणाले, मेहेंदळे भाऊसाहेब मोठ्या मनाचे. मी ते ऐकून घेतले. तेव्हापासून तो घंटा देतो, खोल्या उघडतो, पावसात गळक्या वर्गातली बाके हलवतो. मी निवृत्त होईपर्यंत सतरा वर्षे तो माझ्या टेबलावर पाण्याचा तांब्या ठेवत होता. रजिस्टरप्रमाणे तो ३१ मे २०२७ रोजी निवृत्त होईल. खऱ्या तारखेप्रमाणे डिसेंबरात झाला असता. म्हणजे माझ्या टाकाने त्याचे सैन्य नेले आणि जाता जाता शाळेतलेही सात महिने नेले.

इथपर्यंत सरळ आहे. पण १९९४ साली मानसिंग सरहद्दीवर कामी आला. साऱ्या गावाची चूल पेटली नाही. शाळेच्या मैदानाला त्याचे नाव दिले. दर सव्वीस जानेवारीला मनुबाईला मानाने बोलावतात, आणि तिची खुर्ची बिराप्पा मांडतो, आधी उपरण्याने पुसून. मी ते दरवर्षी पाहतो आणि माझे डोके चालेनासे होते. मी बिराप्पाला बुडवले की वाचवले? मी मानसिंगला भरती केले की मारले? चिठ्ठ्या बरोबर लावल्या असत्या तर आज मैदानावर कोणाचे नाव असते आणि खुर्ची कोणी पुसली असती? कदाचित दोघेही जिवंत असते. कदाचित हरणाबाईला खुर्ची मिळाली असती. ती बिचारी तर कधीच गेली. अपराध नेमका कोणाचा केला तेच कळत नसेल तर माफी मागायला कोणाच्या दारात जायचे? निवृत्तीच्या दोन वर्षे आधी पूर आला आणि मला वाटले, बरे झाले, रजिस्टर पुरात खराब झाले म्हणू. माणूस इतका भित्रा असू शकतो.

कलम ६. म्हणून, मौजे तांबुळवाडी येथील माझे राहते घर, दोन खोल्या, ओसरी, मागील परसू व नारळाची दोन झाडे यांसह, श्री. बिराप्पा गुंडा हाके, शिपाई, जनता इंग्लिश स्कूल, यांस द्यावे. हे बक्षीस नव्हे. भरपाईही नव्हे, कारण एवढ्याने भरपाई होत नाही. याला काय म्हणतात ते मला माहीत नाही. पुष्करने फोनवर विचारले, "बाबा, शिपायाला घर? लोक काय म्हणतील?" लोक काय म्हणतील ते म्हणोत. त्याने हरकत घेऊ नये.

येथपर्यंतचा मजकूर काल लिहिला. आज रविवारी सकाळी सह्यांसाठी राजेश्वरी मॅडम आल्या. दुसरे साक्षीदार म्हणून सोसायटीच्या सचिवांना बोलावले होते, ते लग्नाला गेले. मॅडमबरोबर शाईचे पॅड घेऊन बिराप्पा आला होता. मॅडमना मी ओसरीवर बसवले आणि त्याला आत घेतले. मेल्यावर कागदाकडून सांगवायचे हा शेवटचा सोमवार झाला असता. मी त्याला कलम पाच आणि सहा वाचून दाखवले. तो दाराला टेकून उभा होता. बस म्हटले तरी बसला नाही.

वाचून झाल्यावर त्याने एकदा ओसरीकडे पाहिले. मग म्हणाला, "भाऊसाहेब, लय दिवस एक सांगायचं ऱ्हायलंय माझंबी. मी वयात बाद झालोच न्हाई."

मी म्हटले, "म्हणजे?"

"कागद बघायच्या आदीच गळालो. धावन्यात. दम लागला, बसलो खाली. गावात येऊन कसं सांगायचं? धनगराचं पोरगं धावन्यात गळालं म्हनल्यावर शेंबडं पोरबी हसलं असतं. म्हनून वय सांगितलं. वयाला कोन हसत न्हाई."

"अरे, मग इतकी वर्षे बोलला का नाहीस?"

"तुमी कवा इचारलं?"

हे खरे होते. मी कधीच विचारले नव्हते.

मी त्याला म्हटले, ते काही असो, घर तुझे. तो म्हणाला, "घर नगो. आवं, घर घेतलं म्हंजे गाव इचारणार, का दिलं? आज ना उद्या ह्यो कागद वाचला जानार. मनुकाकीच्या कानावर जानार. आपलं पोरगं दुसऱ्याच्या जागी ग्येलं आन् तिथं मेलं, असं तिला ह्या वयात कळाय पायजे व्हय? ती खुर्चीत कशी बसंल मग?" पुढे म्हणाला, "ती हाय तवर ह्यो कागद कुनी फोडायचा न्हाई. येवढं लिवा."

मी लिहितो म्हटले. रजिस्टरबरोबर ट्रंकेत ठेवलेल्या फाइलमधून दोन्ही चिठ्ठ्या काढून त्याच्यापुढे ठेवल्या. त्याने हरणाबाईची उचलली, उजेडाकडे नेली आणि विचारले, "ह्यो आईचा अंगठा?" मी हो म्हटले. "आईचा फोटू न्हाई आमच्याकडं," तो म्हणाला. "ह्यो घेऊ का?" मी मान हलवली. त्याने चिठ्ठी टोपीत ठेवली आणि टोपी डोक्यावर घातली.

मग म्हणाला, "साक्षीला मानूस कमी हाय न्हवं? मी करतो सही."

म्हणून दुरुस्ती पुढीलप्रमाणे. कलम ६ रद्द. घर पुष्करला द्यावे. तो विकेल. विकू दे. रजिस्टर क्रमांक एक मी आजच राजेश्वरी मॅडमच्या हाती देत आहे. त्यातील नोंदी आहेत तशाच राहतील, त्यांत कोणी खाडाखोड करू नये. मानसिंगची चिठ्ठी मी आज चुलीत घातली, ती कोणी शोधू नये. हा लिफाफा मोहोरबंद करून मॅडमकडे राहील. श्रीमती मनुबाई यांच्या हयातीत तो उघडू नये, मी आधी गेलो तरीही. पुष्करने तोवर धीर धरावा आणि मनुबाईंच्या तब्येतीची चौकशी करायला फोन करू नये.

बिराप्पास काय दिले, या रकान्यात लिहायचे तर: त्याच्या आईच्या अंगठ्याची चिठ्ठी, एक. ती त्याला आजच पोचली आहे. माझ्या पश्चात त्याला देण्यासारखे काही उरलेले नाही, त्यामुळे तो साक्षीदार होण्यास अडचण दिसत नाही.

ती दोघे ओसरीवर चहा घेत आहेत, तोवर एवढे लिहून पुरे करतो. १९८३ साली तालुक्याच्या क्रीडास्पर्धेत आठशे मीटर धावण्यात आमच्या शाळेचा पहिला नंबर आला होता. पुढच्या वर्षी पुन्हा आला. दोन्ही प्रमाणपत्रांवर बिराप्पा गुंडा हाके हे नाव मीच टाकाने लिहिले आहे, वळणदार अक्षरात, कारण सरांनी सांगितले होते, मेहेंदळे, या पोराचे नाव जरा नीट लिहा. भरतीच्या दिवशी त्याला खरेच दम लागला असेल. लागूही शकतो. उपाशी गेला असेल, ऊन असेल. किंवा आज माझ्या दाराला टेकून उभे राहून त्याने मला सोडवण्यासाठी खोटे सांगितले असेल आणि चेहऱ्यावर काही दिसू दिले नसेल. कोणते खरे, मला कळत नाही. आता आत बोलावून विचारावे म्हटले तर विचारता येईल. मी विचारणार नाही.

हे पत्र मी पुन्हा एकदा वाचले. समजले तेवढे समजले. ते माझ्या इच्छेप्रमाणे आहे म्हणून खाली सही करतो.

स्थळ: तांबुळवाडी, तालुका वाळवा, जिल्हा सांगली
तारीख: ९ नोव्हेंबर २०२५, रविवार

(सही) गंगाधर रघुनाथ मेहेंदळे

इच्छापत्र करणाऱ्यांनी आमच्यासमोर सही केली व आम्ही त्यांच्यासमोर सह्या केल्या.

साक्षीदार १. (सही) सौ. राजेश्वरी जयराज थोरात, मुख्याध्यापिका, जनता इंग्लिश स्कूल. वय ४९. मजकूर वाचलेला नाही, लिफाफा सांभाळण्याचे कबूल केले आहे.

साक्षीदार २. (सही) बिराप्पा गुंडा हाके, शिपाई, जनता इंग्लिश स्कूल. वय ५८, रजिस्टरप्रमाणे. तारीख बरोबर आहे.